मालागा आणि आसपास: पाच दिवसांच्या समुद्रकाठच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्पेनमधल्या मालागाला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा नवरा, मुलगा आणि सासूबाई असे आम्ही चौघं मे महिन्यात, नंतर एकदा बहिणीबरोबर ऑक्टोबरात. तेव्हापासून मावसभावापासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. गाड्यांच्या वेळा आणि तिकिटांचे दर बदलत असतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या.

मालागाच का? बार्सिलोना का नाही?

बार्सिलोनाला जरूर जा, पण ते मोठं शहर आहे, तिथे पाच दिवस धावपळीतच जातात. आम्हाला समुद्र, थोडं शहर, थोडे डोंगर आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल एवढं चालणं हवं होतं. मालागा स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात आहे. तिथल्या किनारपट्टीला कोस्ता देल सोल म्हणतात, म्हणजे सूर्याचा किनारा. शहराचा जुना भाग पायी फिरता येतो, विमानतळ गावापासून आठेक किलोमीटरवर, आणि विमानतळाखालूनच लोकल सुटते. गाडी न घेता फिरायला इतकी सोयीची जागा मला युरोपात दुसरी सापडली नाही.

पाच दिवसांत काय काय बघून होईल?

तुमच्या यादीतलं निम्मं. मला लोक ज्या याद्या पाठवतात त्यांत रोंदा, ग्रानादा, कोर्दोबा, सेविया, जिब्राल्टर, नेर्खा आणि 'एक दिवस बीच' असं सगळं असतं. असं केलंत तर पाचही दिवस बसमध्ये जातील. माझा हिशोब सोपा आहे: पाचांतले दोन दिवस लांब जायचं, एक दिवस जवळच्या गावांना, आणि दोन दिवस मालागातच, दुपारी झोपून. लांबच्या दोन दिवसांत ग्रानादा, रोंदा, नेर्खा आणि कामिनितो देल रे (कड्याला चिकटवलेली पायवाट) यांतल्या कुठल्याही दोन जागा निवडा. चारही बसवायला गेलात तर सहल शाळेच्या सहलीसारखी होते, शिक्षक हजेरी घेतात आणि मुलं उलट्या करतात.

राहायचं कुठे? मालागात की समुद्रावरच्या एखाद्या गावात?

मालागात, जुन्या भागाच्या कडेला. तोरेमोलिनोस आणि फुएन्खिरोला ही लोकलवरची गावं, तिथे हॉटेलं स्वस्त मिळतात आणि वाळू दारात असते. फक्त लोळायचं असेल तर ती बरी. पण लांबची बस पकडायची म्हटलं की ती मालागाहूनच सुटते आणि रोज सकाळी पाऊण तास त्यातच जातो. जुन्या भागाच्या अगदी मधोमध मात्र घेऊ नका. रात्री दोनपर्यंत खिडकीखाली माणसं जोरजोरात गप्पा मारत असतात. भांडत नसतात, बोलतातच तसं. सासूबाई म्हणाल्या, आपल्या गल्लीतल्या गणपतीची आठवण झाली.

मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ राहिलात तरी चालेल. त्याचं नाव मारिया साम्ब्रानो; त्या तत्त्वज्ञ होत्या, जन्म इथून जवळच्या वेलेस-मालागाचा. बस स्थानक या स्टेशनाला लागूनच आहे. स्टेशनात सामान ठेवायला लॉकर आहेत, परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर त्यांचा फार उपयोग होतो.

विमानतळावरून गावात कसं यायचं?

लोकलने. टर्मिनलमधून बाहेर पडलात की समोरच जमिनीखाली स्टेशन आहे, नाव सरळ 'आएरोपुएर्तो'. लाइनचं नाव सी-१. एका टोकाला मालागा सेंत्रो-अलामेदा, दुसऱ्या टोकाला फुएन्खिरोला, मध्ये फाटा कुठेही नाही. दर वीस मिनिटांनी गाडी. गावात पोचायला बारा-पंधरा मिनिटं, तिकीट दोन युरोंच्या आसपास. मुंबईत लोकलची सवय असलेल्या माणसाला इथे एकच धक्का बसतो, बसायला जागा मिळते.

चूक होते ती दिशेची. थकून आलेलो असतो, जी गाडी येते तिच्यात चढतो आणि अर्ध्या तासाने फुएन्खिरोलाला उतरतो. फलाटावरच्या पाटीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव वाचून मगच चढा. तिकीट फेकू नका, बाहेर पडताना गेटला लावावं लागतं. तिकीट एका कागदी कार्डावर भरून मिळतं, पहिल्यांदा त्या कार्डाचे थोडे पैसे जास्त पडतात. ते जपून ठेवलंत तर पुढच्या वेळी त्याच्यावरच नवं तिकीट भरता येतं.

मध्यरात्रीनंतर उतरणार असाल तर टॅक्सी. मालागातल्या टॅक्सी पांढऱ्या असतात आणि त्यांच्यावर निळा पट्टा असतो. रांगेतली पहिली घ्यायची, मीटर चालतो. उबर, बोल्ट, काबिफाय हेही चालतात.

लोकलने आणखी कुठे जाता येतं?

तोरेमोलिनोस, बेनालमादेना आणि फुएन्खिरोला. लोकलमधून समुद्र दिसेल या आशेवर खिडकीची जागा धरू नका, बहुतेक वाट इमारतींच्या मागच्या बाजू आणि वाळत घातलेल्या चादरी बघत जाते. बेनालमादेनाचं स्टेशन 'आरोयो दे ला मिएल'. तिथून बस धरून वरच्या जुन्या गावात गेलात की एक मोठा पांढरा स्तूप आहे, ३३ मीटर उंच, २००३ साली उभा राहिलेला. चपला बाहेर काढून आत बसायचं, खाली सगळा किनारा दिसतो. नागपूरच्या दीक्षाभूमीत जाऊन आलेल्या माणसाला भूमध्य समुद्रावर स्तूप बघताना जरा गंमत वाटते. माझ्या मुलाने तिथल्या भिंतीवरच्या चित्रांतून बुद्धाची गोष्ट आजीला सांगितली आणि आजीने ती दुरुस्त केली.

फुएन्खिरोलाहून बसने मिखास या डोंगरातल्या पांढऱ्या गावात जाता येतं. गाव छान आहे. तिथे पर्यटकांना गाढवांवरून आणि गाढवांच्या गाडीतून फिरवतात. आम्ही बसलो नाही. उन्हात उभी असलेली ती गाढवं बघून बसावंसं वाटलं नाही.

मार्बेयाला रेल्वे नाही. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतो. मालागाहून किंवा फुएन्खिरोलाहून बस घ्या.

गाडी भाड्याने घ्यावी का?

चौघांपर्यंत असाल आणि मालागात राहणार असाल तर नको. जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे, शहरात कमी प्रदूषणाचं क्षेत्र आखलेलं आहे आणि पार्किंग महाग आहे. निळ्या रेषा म्हणजे पैसे भरून पार्किंग, पिवळी रेष म्हणजे गाडी उचलून नेतील. आपल्या वाहन परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढायचा. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे सगळ्यांना माहीत असतं, पण पहिल्या गोल चौकात हात आपोआप डावीकडेच वळतो.

डोंगरातली लहान गावं बघायची असतील, तिथे मुक्काम करायचा असेल, तर एक-दोन दिवसांपुरती घ्या. किनाऱ्याने दोन समांतर रस्ते आहेत: ए-७ फुकट, एपी-७ टोलचा. आणि अनामत रकमेचं आधी विचारून ठेवा. आमच्या नात्यातल्या एकाचे एवढे पैसे कार्डावर अडकवून ठेवले होते की उरलेली सहल त्याने बहिणीच्या कार्डावर केली.

मालागा शहरात काय बघायचं? ज्येष्ठांना झेपेल का?

झेपेल, चढ वगळून. मालागाचा मुख्य चढ म्हणजे अल्काझाबा, अकराव्या शतकात मुस्लिम राज्यकर्त्यांनी बांधलेला राजवाडा-किल्ला. पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे. ते जमिनीखाली गाडलेलं होतं, १९५१ साली बांधकाम करताना सापडलं. अल्काझाबाच्या आत कारंजी, संत्र्याची झाडं, विटांच्या कमानी. पायवाट गोट्यांची आहे, घासून गुळगुळीत झालेली, तिथे चप्पल घालून जाऊ नका. नगरपालिकेच्या इमारतीमागच्या गल्लीतून वर जायला लिफ्ट आहे हे आम्हाला उतरल्यावर कळलं. तुम्ही चढण्याआधी शोधा. त्याच्याही वर हिब्राल्फारो किल्ला. तिथे सरळ ३५ नंबरच्या बसने जा आणि उतरताना चालत या. दोन्हीकडे रविवारी दुपारी दोननंतर प्रवेश फुकट असतो, त्यामुळे तेव्हा गर्दीही असते.

कॅथेड्रलला लोक 'ला मांकिता' म्हणतात, म्हणजे एका हाताची बाई. बांधकाम १५२८ साली सुरू झालं, १७८२ साली पैशाअभावी थांबलं, आणि दोन मनोऱ्यांपैकी एक अर्धवटच राहिला. तो पैसा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला गेला असं तिथले लोक सांगतात. आपल्याकडे असा अर्धवट मनोरा असता तर त्याची शापाची गोष्ट झाली असती.

लारियोस रस्ता संध्याकाळी चालायचा. १८९१ सालचा आहे, गाड्या नाहीत, फरशी संगमरवरी आणि दिवाणखान्यासारखी चकचकीत. आतारासानास नावाची मंडई सकाळी बघा. तिचं संगमरवरी प्रवेशद्वार चौदाव्या शतकातल्या गोदीचं आहे, तेव्हा समुद्र इथपर्यंत होता. ऑलिव्ह, बदाम, मासे, सगळं आहे. रविवारी बंद.

पिकासोचं संग्रहालय बघावं का? आम्हाला चित्रांतलं काही कळत नाही.

आम्हालाही कळत नाही. पिकासोचा जन्म इथला, २५ ऑक्टोबर १८८१ चा, ला मेर्सेद चौकातल्या घरात. ते जन्मघर वेगळं आहे आणि २००३ साली उघडलेलं पिकासो संग्रहालय वेगळं, लोक दोन्हींत घोटाळा करतात. एकच बघायचं तर संग्रहालय बघा. तास-दीड तासात होतं. रविवारी बंद होण्याआधीचे शेवटचे दोन तास फुकट असतात. रांग लांब असते, पण सरकते.

बंदराजवळ रंगीत काचांचा एक मोठा चौकोनी ठोकळा दिसतो, ते पाँपिदू संग्रहालय. आम्ही बाहेरून फोटो काढले आणि आइस्क्रीम खाल्लं.

समुद्र कसा आहे? कोकणासारखा?

नाही, आणि मी हे आधीच स्पष्ट सांगते कारण मालवण डोळ्यांपुढे ठेवून गेलेले लोक हिरमुसतात. मालागाची वाळू करडी आहे, काळपट म्हटलं तरी चालेल. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे टॉवेल टाकला तिथेच तो संध्याकाळी कोरडा सापडतो. सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही, त्या सारख्या मागे सरकत होत्या. आणि पाणी थंड. ऑगस्टमध्येही बावीस-तेवीस अंशांच्या आसपास, मे महिन्यात त्याहून बरंच खाली. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी आत येतं, म्हणून इथला समुद्र स्पेनच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा गार असतो. उन्हाळ्यात कधी कधी 'तेराल' नावाचा कोरडा, भाजणारा वारा डोंगराकडून येतो. तेव्हा हवा चाळिशीला पोचते आणि पाणी उलट आणखी गार होतं.

झेंडे बघा: हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. शहरातला किनारा ला मालागेता. पण मला आवडले ते पूर्वेकडचे पेद्रेगालेखो आणि एल पालो, कोळ्यांच्या जुन्या वस्त्या. तिथे किनाऱ्यावर लाकडी होडीत वाळू भरून तिच्यावर शेकोटी पेटवलेली असते. सहा-सहा सार्डिन बोरूच्या काडीत ओवून ती काडी वाळूत तिरकी खोचतात, वाऱ्याची दिशा बदलली की काड्यांची बाजू बदलतात. याला 'एस्पेतो' म्हणतात. आपल्या तारल्याचाच भाऊबंद. वर फक्त जाडं मीठ आणि लिंबू. मासे खात असाल तर हा एक पदार्थ चुकवू नका.

किनाऱ्यावर काही बायका वरचे कपडे न घालता उन्हात पडलेल्या असतात. तिथे कोणी वळून बघत नाही, आपणही बघायचं नाही. बरोबर वडीलधारी मंडळी असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर सगळ्यांनी एकदम क्षितिजाकडे बघायची वेळ येत नाही.

कामिनितो देल रे धोकादायक आहे का?

आता नाही. ग्वादाल्होर्से नदीच्या घळीत, कड्याला चिकटवलेली ही पायवाट वीजनिर्मितीच्या कामगारांसाठी १९०५ साली पुरी झाली. १९२१ साली राजा आल्फोन्सो तेरावा तिच्यावरून गेला, म्हणून नाव 'राजाची छोटी वाट'. पुढे ती मोडकळीला आली, काही जण पडून मेले, आणि वाट बंद झाली. २०१५ साली लाकडी फळ्या आणि कठडे बसवून पुन्हा उघडली. एकूण चाल पावणेआठ किलोमीटर, त्यात फळ्यांची वाट तीनेक किलोमीटर. खाली बघितलं तर शंभरेक मीटरवर पाणी. हेल्मेट देतात. आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, हा नियम कडक आहे, पुरावा मागतात.

वाट एकाच दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे. मालागाहून एल चोर्रोला रेल्वेगाडी जाते, चाळीसेक मिनिटं लागतात, पण दिवसात फारच थोड्या गाड्या आहेत. एल चोर्रो हे वाटेचं शेवटचं टोक. तिथून शटल बसने उत्तरेला जायचं, मग तिकीटखिडकीपर्यंत अजून दोनेक किलोमीटर चाल. हे सगळं धरून वेळेचं तिकीट काढा. सोमवारी बंद. तिकिटं बरीच आधी संपतात. नवऱ्याला उंचीची भीती आहे, त्यामुळे मी आणि मुलगा दोघंच गेलो. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघितलेल्यांना ही वाट सोपी वाटेल.

रोंदाला जाऊन एका दिवसात परत येता येतं का?

येतं. आम्हाला आलं नाही, ते का ते सांगते. रोंदा मालागापासून शंभरेक किलोमीटर, बसने दोन तासांच्या आसपास किंवा जास्त. गाव एका घळीच्या दोन्ही बाजूंना वसलेलं आणि मध्ये ९८ मीटर उंच दगडी पूल. त्याचं नाव 'पुएन्ते नुएवो', म्हणजे नवा पूल, आणि तो पुरा झाला १७९३ साली. पुणेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही, तेही १९२३ सालच्या शिवाजी पुलाला अजून नवा पूलच म्हणतात. पूल वरून बघून परत फिरू नका. पश्चिमेच्या पायवाटेने थोडं खाली उतरलं की त्याची खरी उंची कळते.

आता बसचं. स्पेनमधल्या वेळापत्रकांत दोन शब्द असतात. 'लाबोराब्लेस' म्हणजे कामाचे दिवस आणि 'फेस्तिवोस' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. आम्ही गेलो रविवारी आणि फोटो काढून ठेवला होता तो पहिल्या रकान्याचा. स्थानकावर पोचलो तेव्हा शेवटची बस गेलेली होती. चौघांनी टॅक्सी केली. त्या पैशांचा हिशोब नवरा अजून दिवाळीच्या फराळाला आलेल्यांनाही सांगतो.

नेर्खाची गुहा की फ्रिखिलियाना?

दोन्ही एका दिवसात होतात. नेर्खा मालागाच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटर, फक्त बस. गुहा १९५९ साली पाच पोरांना सापडली, ती वटवाघळं पकडायला गेली होती. आत ३२ मीटर उंचीचा चुनखडीचा खांब आहे. पायऱ्या पुष्कळ. गावात 'बाल्कोन दे एउरोपा' नावाचा समुद्रावर पुढे आलेला कट्टा आहे, तिथे सासूबाईंना बसवून आम्ही गुहेत गेलो. परत आलो तर त्या एका स्पॅनिश आजींबरोबर बसल्या होत्या, दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींचं जमलेलं होतं.

नेर्खाहून सहा किलोमीटरवर डोंगरात फ्रिखिलियाना. पांढरी घरं, निळी दारं, गोट्यांच्या पायऱ्यांवर कुंड्या. तिथे उसाच्या रसापासून 'मिएल दे कान्या' करतात. शब्दशः अर्थ 'उसाचा मध'. दुकानात चमच्यावर चाखायला दिला आणि मी बहिणीकडे बघितलं: काकवी! तीच चव, तोच दाट तपकिरी रंग. ऊस अरबांनी इथे आणला आणि या किनाऱ्यावर शेकडो वर्षं त्याची गुऱ्हाळं होती. आता हा एक कारखाना उरला आहे. आम्ही दोन बाटल्या घेतल्या.

ग्रानादाचा अलांब्रा एका दिवसात होतो का? तिकीट नाही मिळालं तर?

अलांब्रा म्हणजे ग्रानादातल्या टेकडीवरचा जुन्या मुस्लिम राजांचा किल्ला आणि महाल. सकाळी लवकर निघालात तर होतो. बस पावणेदोन तासांच्या आसपास. ग्रानादाच्या बस स्थानकावरून ३३ नंबरची शहर बस मध्यवस्तीत, आणि तिथून सी-३० किंवा सी-३२ ची लहान लाल बस वर. पण तिकीट आधी, बाकी सगळं नंतर. विमानाचं आरक्षण झालं की लगेच अलांब्राच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. हे तत्काळ तिकिटासारखं आहे, चांगल्या हंगामात आठवडे आधी संपतं. तिकिटावर प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो, मूळ पासपोर्ट बरोबर न्यावा लागतो. लहान मुलांना फुकट असलं तरी त्यांचंही तिकीट काढावंच लागतं. अर्जात दोन आडनावं विचारतात, कारण स्पॅनिश माणसाला वडिलांचं आणि आईचं अशी दोन असतात. गोंधळू नका, पासपोर्टावर आहे ते एकच लिहा.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती नसरी घराण्याच्या महालांत शिरायची. आवाराच्या फाटकापाशी यायची नव्हे. फाटकापासून महाल चालत पंधरा-वीस मिनिटं लांब आहेत. वेळ चुकली तर आत सोडत नाहीत, रडूनही नाही. आमच्या पुढच्या कुटुंबाला सोडलं नव्हतं.

महालांत छताकडे बघा. लाकडाच्या हजारो तुकड्यांनी जोडलेलं एक छत आहे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गिलाव्याची दुसरी छतं. भिंतींवर एकच अरबी वाक्य पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे, 'अल्लाहखेरीज कोणी विजेता नाही'. ते कोरवणाऱ्या घराण्याने २ जानेवारी १४९२ रोजी शहराच्या किल्ल्या ख्रिस्ती राजांकडे सोपवल्या. तिकीट नाहीच मिळालं तर बाग आणि किल्ल्याचं वेगळं तिकीट बघा, किंवा समोरच्या आल्बाइसिन टेकडीवरून संध्याकाळी नुसता अलांब्रा बघा. तेही वाईट नाही.

शाकाहारी लोकांचे हाल होतात का?

पहिल्या दिवशी होतात. 'वेखेताल' लिहिलेलं सँडविच सासूबाईंसाठी घेतलं, त्यात ट्यूना मासा निघाला. तिथे 'मांस नको' म्हटलं की मांस काढतात. हॅम आणि ट्यूना त्यांच्या हिशोबात मांस नसतात. म्हणून एकेकाचं नाव घ्या: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून'. मांस, मासे, हॅम, ट्यूना, काहीच नको. अंडं चालत नसेल तर 'सिन उएवो'.

मग काय खायचं? तळलेल्या वांग्याच्या कापांवर तीच काकवी घातलेली असते, 'बेरेनखेनास कोन मिएल'. सासूबाईंनी हे पाच दिवसांत चार वेळा खाल्लं. पालक आणि काबुली चणे घातलेली भाजी मिळते, जिऱ्याची चव असते. 'आखोब्लांको' हे बदाम आणि लसणाचं गार सूप, वर द्राक्षं. सकाळी 'पितुफो' नावाचा लहान पाव, त्यावर टोमॅटोचा गर आणि ऑलिव्ह तेल. साल्मोरेखो हे दाट टोमॅटो सूप मागवताना वर हॅम आणि अंडं घालू नका असं सांगा. आणि अगदीच भात-आमटीची आठवण झाली तर तोरेमोलिनोस, बेनालमादेना, फुएन्खिरोलाला भारतीय हॉटेलं आहेत. ब्रिटिश पर्यटकांमुळे तिथे आहेत, त्यामुळे मेनूही त्यांच्या जिभेचा.

चहाचं विचारू नका. कॉफी मागा. मालागात कॉफीतल्या दुधाच्या प्रमाणाला नावं आहेत: अर्धी-अर्धी 'मिताद', त्याहून दूध जास्त ती 'सोम्ब्रा', म्हणजे सावली, आणि कॉफीचा नुसता रंग आलेलं दूध म्हणजे 'नुबे', ढग. मुलाने ढग प्यायला.

संध्याकाळी सहाला जेवायला काहीच का मिळत नाही?

कारण स्वयंपाकघर बंद असतं. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात दुकानंही बरीच बंद. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. या वेळांशी भांडू नका. दुपारी जेवून झोपा, सहाला उठा. पर्यटकांच्या हॉटेलात साडेसहाला जेवण मिळतं, पण ते जेवण तसंच असतं.

कधी जावं?

मे, जूनचा पहिला पंधरवडा, सप्टेंबर, ऑक्टोबर. पाण्यात पोहायचंच असेल तर सप्टेंबर. ऑगस्टच्या मध्यावर मालागाची फेरिया म्हणजे जत्रा असते, १४८७ साली ख्रिस्ती राजांनी शहर जिंकलं त्याची. आठवडाभर नाचगाणी, हॉटेलांचे दर दुप्पट. ईस्टरच्या आठवड्यात मिरवणुका निघतात, बघण्यासारख्या, पण बसचे रस्ते बदलतात.

जहाजाने मोरोक्कोला एका दिवसात जाऊन येता येईल का?

स्पेनच्या दक्षिण टोकावरच्या तारिफाहून मोरोक्कोतल्या तांजिएरला जहाज तासाभरात पोचतं, म्हणून सगळ्यांना मोह होतो. तुमचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) एकदाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही. व्हिसावरची ओळ वाचा आणि मग मोह करा.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा, स्पेनमध्ये सर्वांत जास्त रात्री असतील तर अर्ज स्पेनकडे. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. मुंबईहून मालागाला थेट विमान नाही, त्यामुळे पासपोर्टची तपासणी बहुधा माद्रिद, फ्रँकफुर्ट अशा मधल्या ठिकाणी होते. दोन विमानांत किमान अडीच-तीन तास ठेवा.

चोऱ्या होतात का?

खिसेकापू आहेत, आपल्यासारखेच. मोबाइल टेबलाच्या कडेला ठेवू नका, किनाऱ्यावर सगळ्यांनी एकाच वेळी पाण्यात जाऊ नका. तातडीचा नंबर ११२. नळाचं पाणी पिता येतं.

तिथून काय आणावं?

काकवी, भाजलेले बदाम, ऑलिव्ह तेलाचा डबा. बाटली कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत.

एक गोष्ट मात्र आणता येत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी मालागाच्या रस्त्यांवर पांढरा सदरा आणि लाल कंबरपट्टा घातलेले फुलवाले फिरतात. त्यांच्या हातात निवडुंगाच्या जाड पानात खोचलेले पांढरे गोंडे असतात. त्याला 'बिस्नागा' म्हणतात. एका रानटी झाडाच्या वाळक्या, छत्रीसारख्या काड्यांच्या टोकांवर जाईच्या कळ्या एकेक करून ओवायच्या, हे काम दुपारी कळ्या मिटलेल्या असताना करतात. रात्री त्या उमलतात आणि गोंडा फुलून येतो. सासूबाईंना हे फूल दिसलं तेव्हा त्यांनी भाव विचारायचीही वाट पाहिली नाही, हातात घेऊन नाकाशी नेलं. मग काडीवरची फुलं हलकेच सोडवायला लागल्या. फुलवाला घाबरून थांबा-थांबा म्हणत होता. त्याला कसं सांगणार, त्यांना त्याचा गजरा करायचा होता.